लाल आधी जातो

को हेंकीच्या दुकानात, बितुंगच्या बंदराला पाठ करून
काचेच्या कपाटात तीन कॅमेरे.
पहिल्याची किंमत विचारायची नसते.
दुसऱ्याची विचारली, आणि लाज झाकायला
शेजारच्या गळांचीही विचारली.
तिसरा कुणा डच माणसाने, विमान चुकलं म्हणून
की बायको सोडून गेली म्हणून,
येईल त्या भावाला टाकून दिलेला.
हाउसिंगच्या काचेवर एक ओरखडा, केसाएवढा.
"पाण्यात दिसत नाही," को हेंकी म्हणाला.
ते खरं निघालं.
दुकानदाराचं खरं निघालं की मला चुकल्यासारखं होतं.

अकरा वर्षं मी लोकांना बोट दाखवते आहे.
बोट नव्हे, स्टीलची कांडी:
काळ्या वाळूत काहीच नाही तिथे टेकवायची,
आणि काहीच नाही ते डोळे उघडतं.
मग माझ्या मागून येतात
दोन हातांवर पसरलेले दिवे,
ज्यांच्या एका क्लॅम्पच्या पैशात
आमच्या घराचे पत्रे बदलून होतील.
मी बाजूला सरते, वाळू न उडवता.

तीस लाख रुपिया होते,
दोन हंगामांची बक्षिशी, बिस्किटांच्या डब्यात.
नोव्री म्हणाला, सगळे कॅमेऱ्यात घाल, दिवा मग बघू.
नोव्री बोट चालवतो. खाली येत नाही.
खाली लाल आधी जातो.
पाच मीटरवर फिका पडतो, पंधरावर
स्वतःचं रक्तही शेवाळासारखं हिरवं.
एकदा शिंपल्याने तळवा कापला तेव्हा
मी ते बराच वेळ बघत राहिले होते, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

म्हणून ओरखड्याचा कॅमेरा, तेरा लाख.
दिवा, सोळा.
उरलेल्या लाखात ग्रीसची नळी, दोन जादा रिंगा.
ट्रे म्हणून आईची भाजी चिरायची प्लॅस्टिकची पाटी,
दोन भोकं पाडून.
तिने विचारलं, पाटी कुठे गेली?
म्हटलं, समुद्रात.

पहिल्या वेळी हाउसिंग रिकामंच नेलं,
आत घडी घातलेला टिश्यू पेपर.
वीस मीटर खोल, चाळीस मिनिटं
मी एका कोरड्या कागदाची काळजी वाहिली.
वर आल्यावर तो पाकिटात ठेवला. अजून आहे.

आई सत्तावीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात.
तिला मासा माहीत आहे तो डोकं नसलेला,
वाफेतून आलेला, पेरांना चिकटणारा.
पोहता येत नाही. लेंबेवरच्या बहिणीकडे जाताना
बोटीच्या मधोमध बसते, डोळे मिटून.

फोनवर तिला पहिली क्लिप दाखवली.
हात थरथरतो, वाळू उडते,
आठ सेकंद नुसती माझीच फिन. मग तो:
मुठीएवढा ऑक्टोपस, गंजक्या डब्यात बसून
दार म्हणून शिंपला ओढून घेणारा.
दिवा पडला आणि लाल परत आला,
सोळा लाखांचा लाल.
मी स्क्रीनकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबव," ती म्हणाली. "मागे घे. अजून. तिथे."
चष्मा शोधून लावला, दोन बोटं ताणली.
ऑक्टोपस कडेला सरकून गेला,
डब्याचा तळ मोठा झाला.
"ही ठोकलेली अक्षरं बघ. तीन नंबरची लाईन, रात्रपाळी.
आमचा आहे हा."
मग बऱ्याच वेळाने,
"एकटाच राहतो का आत?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तर
ती स्वयंपाकघरात, बल्बखाली, हाउसिंग उघडून.
डबा गळतो तो शिवणीतून, तिला कुणी शिकवायला नको.
अंगठ्याचं नख रिंगेच्या खाचेतून
सावकाश फिरवत आणलं, थांबली,
चिमटीत धरून एक केस काढला.
पांढरा. तिचाच.